केवढ्याला

सरळगावच्या बाजारात शिरताना
पट्टा माझ्या हातात होता, एवढंच.
ओढत तो होता.

घणसोलीत हाच लिफ्टच्या दारात पाय रोवून बसतो,
वॉचमनच्या काठीला भितो, कुकरच्या शिट्टीला भितो,
आणि इथे बैलांच्या शिंगांखालून,
सुपं-टोपल्यांच्या चळतींमधून,
पाय बांधून उलट्या धरलेल्या कोंबड्यांच्या नजरेसमोरून
असा चालला, जणू तलाठ्याने
सातबारा त्याच्या नावावर केलाय.

"बाई, कुत्रा सांभाळा," एकजण म्हणाला.
"कुत्र्या, बाई सांभाळ," दुसरा.
मीही हसले. चप्पल शेणात.

दोन वर्षांपूर्वी वाशीच्या मार्केटात
पहाटे गवारीच्या गोण्यांबरोबर
एका टेम्पोतून हा उतरला.
ड्रायव्हर म्हणाला, माझा नाही.
हमाल म्हणाले, आमचा नाही.
मी काहीच म्हणाले नाही,
म्हणून माझा झाला.
टेम्पोच्या पाठीवर लिहिलं होतं मुरबाड,
आणि खाली कुणाची तरी कृपा.
कृपा कुणाची ते विसरले.

नाव ठेवलं गवार.
सोसायटीने नावं ठेवली, ती वेगळी.

वालाच्या शेंगांचे ढीग. कोयत्यांची रांग,
पात्यापात्यावर पौषातलं कोवळं ऊन.
एक म्हातारा कासरा विकताना
दोन्ही हातांत ताणून दाखवत होता,
आयुष्यात काही तुटलंच नसल्यासारखा.
मी तिथे रेंगाळले असते,
पण पट्ट्याला हिसका बसला.

सुकटीच्या ओळीत गवार थांबला.
भूक म्हणावी, तर बोंबलांकडे ढुंकूनही नाही.
एका तराजूमागे पोतं अंथरलेलं,
त्यावर दोनदा गोल फिरला
आणि बसला.
माहेरी आपण विचारत नाही
कुठे बसू म्हणून.

चांगुणाबाई (नाव मागाहून कळलं)
जवळ्याचं माप शिगोशीग भरत होती.
खाली पाहिलं तिने. माप हललं नाही.
"ह्यो केवढ्याला?"

विकायचा नाही, मी म्हटलं,
जरा जास्तच पटकन.

"मंग बाजारात कशाला आनलास?"

कुणी ओळखतं का ते बघायला,
आणि कुणी ओळखू नये म्हणून देवाला सांगत.
दोन्ही एकाच पिशवीत घालून आणलं होतं मी.
तिला म्हटलं, असंच. फिरायला.

पदराला हात पुसून तिने
त्याचा कान उलटा करून पाहिला,
भोपळा देठाकडून बघावा तसा.
"आमचा भुऱ्या व्हता. दोन सालं झाली.
कान असाच. पन आमच्याकडं
सगळ्यांचं कान असंच."
मग मापाकडे बघत, हळूच,
"भुऱ्या."

शेपटी पोत्यावर आपटली. एकदा.
माशी असेल.
मी म्हटलं, "गवार."
एकदा.
मोजून तेवढीच.

गिऱ्हाईक खोळंबलं होतं.
पावशेर जवळा घेतला, घासाघीस केली नाही.
वर मूठभर टाकला तिने, त्याच्या वाटचा.
"धुऊन दे. आन् रातचा फरशीवर निजवू नको,
गारठ्यात मागला पाय धरतो त्याचा."

पाय धरतो, हे खरं आहे.
हे मी तिला सांगितलं नव्हतं.

माझ्या हातातून पट्टा सुटला होता की सोडला होता,
ते आता नीट सांगता येत नाही.
तिनेच त्याला पायाने ढोसलं,
"ऊठ रं, धंद्याची जागा हाय,"
आणि तो उठला, अंग झाडलं,
सुकटीची धूळ दोघींवर उडवली.

रायत्याच्या पुलापर्यंत
पुडीवर हनुवटी टेकून झोपला होता.
गाडीला आठवडाभर वास राहील.
पुढच्या बाजारी येते, असं मी म्हटलं होतं निघताना.
तिने ऐकलं नसावं.
कुणाला तरी भाव सांगत होती.